ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर घरातलं नेट कुठे अडतंय ते निदान दिसतं तरी

सरळ मुद्द्यावर येतो. घरातलं नेट गंडलं की आपण सगळे एकच करतो, राऊटर बंद करून चालू करतो, दोन मिनिटं थांबतो, चाललं तर सुटलो आणि नाही चाललं तर प्रोव्हायडरला फोन, आणि तिकडूनही पहिलं वाक्य तेच की एकदा बंद करून चालू करा. ह्या सगळ्यात बिघडलंय नेमकं काय हे कुणालाच कळत नाही कारण राऊटरसोबत जे फर्मवेअर, म्हणजे आतली सिस्टिम, येतं त्यात बघायला फारसं काही दिलेलंच नसतं. कनेक्टेड असं लिहिलेलं असतं आणि इकडे व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा अडकलेला. मला ओपनडब्ल्यूआरटी आवडलं ते ह्या एका गोष्टीसाठी. त्याने नेट फास्ट होत नाही, प्लॅन जेवढ्याचा आहे तेवढंच मिळणार, पण कुठे अडतंय ते दिसतं, आणि एकदा दिसलं की दुरुस्ती बरेचदा पाच मिनिटांची निघते.

ज्यांनी नाव ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. राऊटरच्या आत जी सिस्टिम चालते ती काढून त्या जागी टाकायची ही दुसरी सिस्टिम, लिनक्सवर बनलेली, फुकट, सोर्स कोड सगळा खुला. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी म्हणून जो दोन अँटेनावाला निळा-काळा राऊटर होता त्याच्या आत लिनक्स निघालं, जीपीएल लायसन्समुळे २००३ मध्ये कंपनीला कोड द्यावा लागला आणि त्यावरून २००४ मध्ये हा प्रोजेक्ट सुरू झाला. मधे २०१६ ला टीममध्ये फूट पडून एलईडीई नावाने वेगळी चूल मांडली गेली होती, २०१८ ला परत एकत्र आले. एवढी वर्षं स्वयंसेवकांच्या जोरावर एखादी गोष्ट टिकते ह्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

टाकायच्या आधी एक काम मात्र नीट करा, राऊटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, त्यापुढे व्ही१, व्ही२, व्ही३ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्यावर सगळं अवलंबून आहे, कारण एकाच नावाच्या राऊटरमध्ये व्ही१ ला एक चिप आणि व्ही२ ला पूर्ण वेगळी चिप असं सर्रास असतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवर टेबल ऑफ हार्डवेअर आहे त्यात आपलं मॉडेल व्हर्जनसकट शोधायचं. ४ एमबी फ्लॅश (सिस्टिम साठवायची मेमरी) आणि ३२ एमबी रॅमवाले जुने राऊटर आता चालत नाहीत, ८ आणि ६४ वाले कसेबसे चालतात पण त्यात वरून काही टाकायला जागाच उरत नाही, त्यामुळे नवीन घेणार असाल तर १६ आणि १२८ च्या खाली बघूच नका, जास्त असेल तेवढं चांगलं. वायफायची चिप मीडियाटेक किंवा क्वालकॉमची असेल तर साधारण निश्चिंत, ब्रॉडकॉमची असेल तर खुले ड्रायव्हर अर्धवट असल्याने वायफायच्या बाबतीत निराशा होते, केबलपुरतं चालेल. आणि डाउनलोड करताना फॅक्टरी आणि सिसअपग्रेड अशा दोन इमेज दिसतात, कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना साधारणपणे फॅक्टरी, नंतरच्या अपडेटला सिसअपग्रेड. काही मॉडेलना पद्धत वेगळी असते म्हणून त्या त्या मॉडेलचं पान आधी शेवटपर्यंत वाचा. इन्स्टॉल केबल लावूनच करायचं, वायफायवरून नाही.

इन्स्टॉल झाल्यावर बरेच जण इथेच घाबरतात की वायफाय गेलं. गेलेलं नाही, बहुतेक मॉडेलवर ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं कारण पासवर्ड नसलेलं वायफाय उघडं सोडणं धोक्याचं. लॅपटॉप केबलने जोडायचा, ब्राऊजरमध्ये १९२.१६८.१.१ उघडायचं, युजर रूट, पासवर्ड रिकामा, आत जाऊन पहिला पासवर्ड टाकायचा मग वायरलेसमध्ये जाऊन देश निवडायचा, नाव-पासवर्ड द्यायचा आणि चालू करायचं. देश खरा निवडा, त्यावरून कुठले चॅनेल आणि किती पॉवर हे ठरतं.

आता सेटअपमधला सगळ्यात जास्त लोकांना अडवणारा झोल. प्रोव्हायडरने दिलेला जो डबा असतो तो पण बरेचदा १९२.१६८.१.१ वरच बसलेला असतो आणि ओपनडब्ल्यूआरटी पण डिफॉल्टने तिथेच. म्हणजे राऊटरच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला एकच पत्ता, मग त्याला कळणार कसं की पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, बाहेर पाठवायचं की घरातच ठेवायचं. लक्षण असं की केबल बरोबर, लाईट बरोबर, आणि नेट शून्य. उपाय सोपा आहे, लॅनचा, म्हणजे घराच्या बाजूचा, पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करा, सेव्ह करा, लॅपटॉपची केबल काढून परत लावा म्हणजे त्याला नवीन आयपी मिळेल, झालं.

आणि तिथेच असताना वॅनच्या, म्हणजे प्रोव्हायडरकडच्या बाजूच्या, खाली जो आयपी दिसतो तो एकदा नजरेखालून घाला, त्यात बरंच कळतं. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ प्रोव्हायडरचा डबा पण राऊटरचं काम करतोय, म्हणजे डबल नॅट, पत्त्यांची अदलाबदल दोनदा. ब्राऊजिंगला फरक पडत नाही पण गेमिंग आणि बाहेरून घरातला कॅमेरा बघणं ह्यात त्रास होतो, डबा ब्रिज मोडला टाकायला सांगा, म्हणजे तो राऊटरचं काम सोडून नुसतं नेट पुढे देईल, आणि पीपीपीओई (युजरनेम टाकून जोडायची पद्धत) असेल तर युजरनेम-पासवर्ड ओपनडब्ल्यूआरटीमध्ये भरा. तो आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर मात्र प्रोव्हायडरने अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक आयपीमागे ठेवलंय, सीजीनॅट म्हणतात त्याला, मग तुम्ही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन घरातल्या एका डिव्हाईसकडे वळवणं) कितीही बरोबर करा ते चालणार नाही. लोक पोर्ट फॉरवर्डिंगच्या सेटिंगमध्ये रात्री घालवतात आणि उत्तर ह्या एका ओळीत असतं. प्रोव्हायडरकडे पब्लिक आयपी मागायचा किंवा आयपीव्ही६ असेल तर ते वापरायचं, तिसरा सोपा मार्ग म्हणजे वायरगार्ड ह्या व्हीपीएनने बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला जोडून घेणं.

मला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण केबलचं. प्लॅन वाढवून घेतला तरी स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे जायलाच तयार नाही. ९३, ९४, परत ९४. प्रोव्हायडर म्हणतो आमच्याकडून पूर्ण येतंय. ओपनडब्ल्यूआरटीच्या पहिल्याच पानावर प्रत्येक पोर्टचं छोटं चित्र असतं आणि त्याखाली त्याचा स्पीड, तिथे बाकीचे पोर्ट १ गिगाबिट दाखवत होते आणि वॅन १०० मेगाबिट. विषय संपला. गिगाबिटला केबलमधल्या आठच्या आठ तारा लागतात, शंभरला फक्त चार, त्यामुळे एखादी तार टोकाच्या कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तर केबल बंद पडत नाही, गुपचूप शंभरवर उतरते, आणि शंभरच्या पोर्टवरून ओव्हरहेड जाऊन हाती चौऱ्याण्णवच्या आसपास येतं. स्पीड टेस्टमध्ये ९४ चा आकडा चिकटून बसलेला दिसला तर आधी केबल बदला, राऊटर नंतर. कनेक्टरची क्लिप तुटून ढिला झालेला असतो किंवा केबल दरवाजाच्या फटीतून नेलेली असते आणि रोज दाबली जाते, असलंच काहीतरी कारण निघतं.

दुसरं वायफायचं. तक्रार अशी की ५ गिगाहर्ट्झचं नाव अचानक गायब होतं, थोड्या वेळाने परत येतं, वेळेचा काही नियम नाही. साध्या फर्मवेअरवर माणूस असल्या गोष्टीला राऊटर खराब झाला म्हणून मोकळा होतो. इथे स्टेटसमध्ये जाऊन सिस्टिम लॉग उघडला तर त्यात वायफाय चालवणाऱ्या होस्टएपीडी प्रोग्रामची ओळ, डीएफएस रडार डिटेक्टेड. डीएफएस म्हणजे रडारला वाट मोकळी करून द्यायचा नियम. म्हणजे ५ गिगाहर्ट्झमध्ये साधारण ५२ ते १४४ हे चॅनेल बऱ्याच देशांत हवामान आणि इतर रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, राऊटरने तिथे वायफाय सुरू करायच्या आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकायचं असतं, आणि चालू असताना रडारसारखं काही ऐकू आलं की तो चॅनेल लगेच सोडायचा आणि अर्धा तास परत तिकडे फिरकायचं नाही. राऊटर नियमाने वागत होता, बिघाड नव्हताच. चॅनेल ऑटो वरून काढून ३६ ला टाकला आणि गायब होणं बंद. एक लक्षात ठेवा, ३६ निवडून रुंदी १६० मेगाहर्ट्झ ठेवलीत तर ती रुंदी ६४ पर्यंत पसरते म्हणजे डीएफएसमध्ये परत शिरलातच, घरासाठी ८० पुरे.

२.४ गिगाहर्ट्झला तर २० मेगाहर्ट्झच ठेवा आणि १, ६, ११ ह्यातलाच एक चॅनेल, आजूबाजूला कुठे गर्दी कमी आहे ते चॅनेल ॲनालिसिसमध्ये दिसतं. ४० केल्याने स्पीड दुप्पट होईल असं वाटतं पण शेजारीपाजारी दहा वायफाय असतील तर उलट सगळ्यांचंच वाटोळं होतं.

सिग्नलचा आकडा पण बघायची सवय लावा, जोडलेल्या प्रत्येक फोनसमोर डीबीएममध्ये येतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ५० म्हणजे राऊटरशेजारीच, उणे ६५ पर्यंत मस्त, उणे ७५ च्या खाली गेला की व्हिडिओ कॉल अडखळणार हे गृहीत धरा. शेजारीच त्या फोनचा दोन्ही दिशांचा रेट असतो. इथे एक गोष्ट दिसते जी फोनवरच्या वायफायच्या काड्यांवरून कधीच कळत नाही, फोनला राऊटर छान ऐकू येतो पण राऊटरला फोन नीट ऐकू येत नाही, कारण फोनची ट्रान्समिट पॉवर कमी. म्हणून राऊटरची पॉवर वाढवून फायदा मर्यादित असतो. लांबच्या खोलीसाठी केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय देणारा डबा, हाच उपाय, आणि त्यासाठी जुना राऊटर चालतो. त्यावर पण हेच फर्मवेअर टाका, त्याचा डीएचसीपी (डिव्हाईसना आयपी वाटणारी सोय) बंद करा, त्याला लॅनमधला वेगळा पत्ता द्या, आणि केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. दोन्हीकडे नाव-पासवर्ड तोच, चॅनेल वेगळा. मेशच्या नावाखाली तीन डबे घेऊन ते वायफायनेच एकमेकांना जोडण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

आता एसक्यूएम, म्हणजे पॅकेटची रांग नीट लावणारी सोय. ह्या एका पॅकेजसाठी मी कुणालाही ओपनडब्ल्यूआरटी टाकायला सांगेन. घरात कुणाचा तरी फोन फोटोंचा बॅकअप घ्यायला लागला की दुसऱ्याचा कॉल तुटायला लागतो हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि आपण समजतो की स्पीड कमी पडतोय. स्पीडचा प्रश्न नसतो बरेचदा. मॉडेम आणि राऊटरमध्ये पॅकेट थांबवून ठेवायला मेमरी असते, अपलोड तुंबलं की ती भरते आणि कॉलचं छोटंसं पॅकेट त्या फोटोंच्या रांगेच्या शेपटीला जाऊन उभं राहतं. बफरब्लोट म्हणतात ह्याला. तपासायला काही विशेष लागत नाही, लॅपटॉपवर एका खिडकीत पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी कमांड) लावून ठेवा आणि फोनवरून मोठी फाईल अपलोड करा. पिंग वीस मिलिसेकंदाला चाललेला असतो तो बघता बघता दोनशे, तीनशे, चारशे असा चढतो, अपलोड थांबवलं की परत वीस. हे डोळ्यांनी एकदा बघाच, मग प्लॅन वाढवायचा विचार आपोआप मागे पडतो.

लूसीमध्ये, म्हणजे त्याच्या वेब पानावर, लूसी-ॲप-एसक्यूएम हे पॅकेज टाकायचं, नेटवर्कच्या मेनूत एसक्यूएम येतं, तिथे वॅनचा इंटरफेस निवडायचा, केक ही रांग लावायची पद्धत निवडायची, स्क्रिप्ट पीस ऑफ केक, आणि डाउनलोड-अपलोडचे आकडे भरायचे. आकडे प्लॅनमधले नाही तर तुमच्या केबलवर प्रत्यक्ष मोजलेले, आणि तेही त्याच्या ८५ ते ९० टक्के, किलोबिटमध्ये. थोडा स्पीड सोडायचा कारण मग रांग मॉडेममध्ये न लागता तुमच्या राऊटरमध्ये लागते आणि तिथे केक प्रत्येकाला आळीपाळीने सोडतो, एक जण अख्खी लाईन अडवून बसू शकत नाही. आमच्याकडे आता मोठं अपलोड चालू असताना पण पिंग तिशीच्या आतबाहेर असतो आणि घरात कुणी कुणाला नेट सोड म्हणून ओरडत नाही. ह्यामागे डेव्ह टाट आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींची कित्येक वर्षांची मेहनत आहे, २०२५ मध्ये टाट यांचं निधन झालं, त्यांचं काम जगभरातल्या राऊटरमध्ये रोज चालतंय आणि बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

पण एसक्यूएमला सीपीयू लागतो. जुन्या सिंगल कोअर राऊटरचा दम शंभर-दोनशे एमबीपीएसच्या आसपास निघतो, त्यापुढचा प्लॅन असेल तर एसक्यूएम लावल्यावर स्पीडच पडेल, तेव्हा आधी प्रोसेसर बघा. आणि फायरवॉलमध्ये हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर ते बंद करा, ते पॅकेट थेट चिपमधून पुढे काढतं, मग एसक्यूएमच्या हाती काही लागतच नाही.

बाकी गेस्ट नेटवर्क, ठराविक डिव्हाईसला ठराविक आयपी, जाहिराती डीएनएसवरच अडवणं, हे सगळं होतं आणि नीट होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच की स्मार्ट बल्ब, प्रिंटर असल्या वस्तूंसाठी २.४ वर वेगळं नाव आणि साधं डब्ल्यूपीए२ (वायफायच्या सुरक्षेची जुनी पद्धत) ठेवा. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स मोडवर किंवा फास्ट रोमिंग चालू केल्यावर जुनी डिव्हाईस रुसतात, जोडतच नाहीत, आणि लोक बसतात पासवर्ड परत परत टाकत.

न आवडलेलं पण सांगतो. अधिकृत मोबाईल ॲप नाही, सगळं ब्राऊजरमधून, आणि फोनवर ती पानं वापरायला अवघड जातात. मेनूमध्ये इंटरफेस, डिव्हाईस, ब्रिज, झोन असे शब्द एकदम अंगावर येतात, नवीन माणसाला हात धरून नेणारं असं काही नाही, साधं गेस्ट वायफाय करायला पण तीन पानांवर जावं लागतं, इंटरफेस बनवा, फायरवॉल झोन बनवा, मग वायरलेस. विकी प्रचंड आहे पण काही पानं जुन्या व्हर्जनची आहेत आणि ते पटकन कळत नाही. घरातल्या कुणालाच ह्यात रस नसेल आणि नेट बिघडल्यावर बघणारं कुणी नसेल तर मी सांगेन की राहू द्या. आणखी एक म्हणजे अपग्रेड. सिसअपग्रेड केल्यावर सेटिंग राहतात पण तुम्ही वरून टाकलेली पॅकेज जातात, एसक्यूएम पण जाणार. त्यावर उपाय म्हणजे अटेंडेड सिसअपग्रेड, ते तुमच्या पॅकेजसकट नवीन इमेज सर्व्हरवर बनवून आणतं, तेच वापरा.

सेटिंग बदलायची भीती मात्र बाळगू नका, कारण ह्या लोकांनी परतीची सोय फार विचार करून केलेली आहे. सेव्ह अँड अप्लाय दाबलं आणि त्या बदलामुळे तुमचा ब्राऊजर राऊटरपर्यंत पोहोचू शकला नाही तर ठराविक वेळ वाट बघून राऊटर स्वतःहून जुन्या सेटिंगवर परत जातो. मला विचाराल तर प्रत्येक राऊटरमध्ये ही सोय असायला हवी. त्यातूनही बाहेरच राहिलात तर फेलसेफ आहे, चालू होताना लाईट भराभर लुकलुकायला लागला की बटण दाबायचं, लॅपटॉपला १९२.१६८.१.२ असा आयपी हाताने द्यायचा आणि एसएसएचने, म्हणजे कमांड लिहून, आत जाऊन दुरुस्त करायचं. सगळी सेटिंग साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतात, बॅकअपची एकच छोटी फाईल निघते, ती काढून लॅपटॉपवर ठेवा, पेनड्राईव्हवर पण ठेवा.

नवीनच घ्यायचा असेल आणि फर्मवेअर स्वतः टाकायची कटकट नको असेल तर ओपनडब्ल्यूआरटी वन म्हणून ह्या प्रोजेक्टचाच राऊटर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलाय, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीच्या साथीने काढलेला. मीडियाटेकचा प्रोसेसर, १ जीबी रॅम, वायफाय ६, वॅनला २.५ गिगाबिटचा पोर्ट. फ्लॅश मेमरी दोन वेगवेगळ्या आहेत आणि एक छोटा स्विच आहे, मुख्य सिस्टिम पूर्ण बिघडली तरी तो सरकवून दुसऱ्या मेमरीवरून राऊटर परत उभा करता येतो. फक्त घ्यायच्या आधी हे बघा की त्याला लॅनचा पोर्ट एकच आहे, टीव्ही, डेस्कटॉप, दुसरा ॲक्सेस पॉइंट असं सगळं केबलवर असेल तर सोबत एक गिगाबिट स्विच घ्यावाच लागेल.